गाडीतील पेट्रोलचा वास

प्रस्तावना

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले प्राचीन नगर आहे. दर बारा वर्षांनी भरणारा महामहम उत्सव, पितळी समया, विड्याची पाने आणि 'डिग्री' कॉफी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. येथून सुमारे ४० किलोमीटरवर तंजावूर आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तेथे मराठी राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात दक्षिणेत गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या भागात राहतात. घरात मराठी आणि बाजारात तमिळ असा त्यांचा दुहेरी व्यवहार असतो.

या प्रदेशातील उन्हाळा कडक असतो. देवळाबाहेर उन्हात उभी केलेली मोटारगाडी दुपारी उघडली की आतली हवा भट्टीसारखी तापलेली असते. त्या हवेत पेट्रोलचा वास आला तर काय करावे? बहुतेक लोक काचा खाली करून पुढे निघतात किंवा डॅशबोर्डवर अत्तराची कुपी ठेवतात. दोन्ही उपायांनी वास कमी झाल्यासारखा वाटतो, परंतु दोष तसाच राहतो. आपल्या भाषेत यासाठी नेमकी म्हण आहे : आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वास हा दोषाचा साक्षीदार आहे. त्याला गप्प करण्यापूर्वी त्याची साक्ष नोंदवून घेणे का आवश्यक असते, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• वासाचे वर्णन करणारे मराठी शब्द अचूकपणे वापरता येतील;
• गाडीत पेट्रोलचा वास आल्यास प्रथम कोणती खबरदारी घ्यावी, हे सांगता येईल;
• 'केव्हा' आणि 'कोठे' या प्रश्नांच्या आधारे दोषाचे मूळ शोधता येईल;
• बिघाडाची नेमकी आणि थोडक्यात नोंद लिहिता येईल.

मूळ पाठ

१. वासाला नाव देणे

वास ओळखण्यासाठी प्रथम त्याला योग्य नाव द्यावे लागते. मराठी या बाबतीत समृद्ध आहे. फुलांचा सुगंध, पहिल्या पावसाचा मृद्गंध, मोगऱ्याचा घमघमाट, बंद खोलीचा कुबट वास, जळक्या कापडाचा करपट वास, औषधाचा उग्र दर्प असे कितीतरी भेद आपण सहज करतो. तमिळ भाषेतही वासाला 'वासनै' म्हणतात. म्हणजे कुंभकोणमच्या गॅरेजमध्ये मराठी माणसाला निदान या एका शब्दासाठी अडावे लागत नाही.

गाडीतील प्रत्येक वास निराळे सांगत असतो. गोडसर वास बहुधा इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रावाचा असतो. करपट वास गरम भागावर सांडलेल्या तेलाचा किंवा जळणाऱ्या विद्युततारेचा असू शकतो. कुबट वास वातानुकूलन यंत्रातील ओलाव्यामुळे येतो. पेट्रोलचा वास मात्र उग्र आणि नाकात झोंबणारा असतो, आणि एकदा ओळखला की तो सहसा विसरला जात नाही.

तथापि नाकाला एक मर्यादा आहे. एकच वास सतत येत राहिला तर थोड्याच मिनिटांत नाकाला त्याची सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. म्हणूनच तासभर गाडी चालवणारा म्हणतो, "आता वास येत नाही," आणि वाटेत गाडीत बसणारा दार उघडताच नाक मुरडतो. अशा वेळी बाहेरून आलेल्याचे म्हणणे खरे मानावे. वास जाणवेनासा झाला, एवढ्यावरून दोष नाहीसा झाला असे समजणे धोक्याचे आहे.

२. पेट्रोलचा स्वभाव

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळते आणि ते मिश्रण पेट घेते. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते. मग कुंभकोणमच्या उन्हाळ्यात ती किती वेगाने तयार होत असेल, याची कल्पना करता येईल. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण दीड टक्का झाले, तरी एक ठिणगी पुरेशी होते.

ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती वर उडून न जाता गाडीच्या तळाशी, आसनांखाली आणि डिकीत साचून राहते. वरची काच चार बोटे उघडल्याने ती बाहेर पडत नाही. त्यासाठी चारही दारे आणि डिकी पूर्ण उघडावी लागतात.

आगीखेरीज प्रकृतीचाही प्रश्न आहे. या वाफेने डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. पेट्रोलमध्ये बेंझीन हा घटक असतो आणि दीर्घकाळ त्याच्या सान्निध्यात राहिल्यास कर्करोगाचा धोका वाढतो. बंद गाडीतून शाळेत जाणारी मुले आणि दिवसभर गाडीत बसणारा चालक यांना हा धोका विशेष असतो.

३. प्रथम सुरक्षा, मग शोध

धावत्या गाडीत पेट्रोलचा तीव्र वास आला तर गाडी रस्त्याच्या कडेला, वस्तीपासून दूर उभी करावी. कॉफीच्या टपरीजवळ थांबण्याचा मोह टाळावा, कारण तिथे शेगडी पेटलेली असते. इंजिन बंद करून सर्वांनी खाली उतरावे. दारे उघडी ठेवावीत. आत किंवा आसपास कोणीही काडी, विडी, उदबत्ती पेटवू नये.

दक्षिणेत आयुधपूजेच्या दिवशी वाहनांची पूजा करून कापराची आरती ओवाळण्याची प्रथा आहे. गाडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत तिच्याजवळ कापूर किंवा निरांजन मुळीच पेटवू नये. श्रद्धेला यामुळे बाध येत नाही. फुले, हळद-कुंकू वाहूनही पूजा होते.

त्यानंतर गाडीखाली वाकून पाहावे. अंधार असल्यास विजेरी वापरावी. काडी किंवा मेणबत्ती नव्हे. जमिनीवर थेंब पडत असतील अथवा ओले डाग दिसत असतील, तर गाडी पुन्हा सुरू करू नये. ती ओढून नेण्याची व्यवस्था करावी. आग लागलीच तर सर्वांनी दूर जाऊन ११२ या क्रमांकावर मदत मागावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये, कारण पाण्यावर तरंगून जळते पेट्रोल अधिक पसरते. अगदी लहान आगीवर कोरड्या भुकटीचे अग्निशामक किंवा वाळू उपयोगी पडते.

पाठगत प्रश्न – १
१. पेट्रोलची वाफ गाडीच्या तळाशी का साचते?
२. चालकापेक्षा नव्याने बसणाऱ्या प्रवाशाला वास अधिक का जाणवतो?

४. केव्हा आणि कोठे?

थेंब नसतील आणि वास सौम्य असेल, तर शोधाला आरंभ करावा. सर्वांत साधी कारणे आधी तपासावीत. डिकीत पेट्रोलचा डबा किंवा तेलकट चिंधी तर राहिली नाही ना? पेट्रोलपंपावर सांडलेले पेट्रोल बुटाच्या तळव्याला लागून आत आले नाही ना? अनेकदा शोध येथेच संपतो.

संपला नाही, तर दोन प्रश्न विचारावेत : वास केव्हा येतो? आणि कोठे येतो?

(अ) टाकी भरल्यानंतर लगेच येत असेल, तर टाकीचे टोपण पाहावे. ते घट्ट बसते का? त्याच्या रबरी वायसरला भेगा पडल्या आहेत का? टोपण चांगले असेल, तर टाकीत पेट्रोल नेणारी नळी आणि तिचे तोंड तपासावे लागते. पंपावरील नळ आपोआप बंद झाल्यावरही "अजून थोडे" म्हणून पेट्रोल भरण्याची सवय अनेकांना असते. टाकीत वरची जागा वाफेसाठी राखलेली असते. ती भरून टाकल्याने पेट्रोल वाफेच्या नळ्यांत शिरते.

(आ) मागच्या आसनाजवळ, विशेषतः टाकी भरलेली असताना आणि वळणावर वास वाढत असेल, तर संशय इंधनपंपाच्या झाकणावर जातो. अनेक गाड्यांत हा पंप टाकीच्या आत असतो आणि त्याचे झाकण मागच्या आसनाखाली असते. झाकणाचे रबरी कडे झिजले की टाकीत हिंदकळणाऱ्या पेट्रोलची वाफ वर येते.

(इ) गाडी उन्हात उभी राहिल्यावर येत असेल, तर कोळशाच्या डब्याकडे लक्ष द्यावे. टाकीतील वाफ बाहेर जाऊ नये म्हणून ती या डब्यातील कोळशात शोषून घेतली जाते आणि पुढे इंजिनात जाळली जाते. डबा फुटला, त्याची नळी निखळली किंवा झडप बिघडली की वाफ मोकळी सुटते.

(ई) ब्लोअर चालू केल्यावर पुढून येत असेल, तर दोष बहुधा बॉनेटखाली असतो. पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून बाहेरची हवा गाडीत येते आणि तिच्याबरोबर इंजिनाजवळची वाफही येते. याची एक सोपी परीक्षा आहे. ब्लोअर 'बाहेरची हवा' या स्थितीतून 'आतली हवा' या स्थितीत न्यावा. वास कमी झाला, तर उगम इंजिनाच्या बाजूला आहे असे मानता येते. तेथे तडकलेली नळी, सैल क्लिप किंवा इंजेक्टरचे झिजलेले रबरी कडे आढळते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत सुईची झडप नीट न बसल्याने पेट्रोल ओसंडते.

(उ) गाडी चालू असताना मागून, धुरासह येत असेल, तर पेट्रोल पुरते जळत नाही. स्पार्क प्लग निकामी झाला असेल किंवा मिश्रणात पेट्रोल अधिक जात असेल. डिकीचे रबर फाटलेले असल्यास हा धूर आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. यास्तव हा दोष लांबणीवर टाकू नये.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२५ पर्यंत आपल्या देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. अशा इंधनासाठी न बनवलेल्या जुन्या रबरी नळ्या त्यामुळे लवकर कडक होऊन तडकू शकतात.

हे दोष केवळ जुन्या गाड्यांतच असतात असेही नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुती सुझुकी कंपनीने 'ए-स्टार' या मॉडेलच्या सुमारे एक लाख गाड्या इंधनपंपाचे गॅस्केट बदलण्यासाठी परत बोलावल्या. एप्रिल २०१४ मध्ये त्याच कंपनीने अर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर या मॉडेलांच्या मिळून १,०३,३११ गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या इंधन भरण्याच्या नळीच्या तोंडात दोष असण्याची शक्यता होती. नळ आपोआप बंद होण्याच्या पातळीपुढे इंधन भरल्यास वास येऊ शकतो, असे कंपनीने स्वतःच जाहीर केले होते. असा भाग विनामूल्य बदलून मिळतो. २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला. म्हणून गाडी नवी असली, तरी चॅसिस क्रमांक सांगून अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करावी.

पाठगत प्रश्न – २
१. 'बाहेरची हवा' बंद केल्यावर वास कमी झाला, तर उगम कोठे असावा?
२. टाकी काठोकाठ का भरू नये?

५. दुरुस्ती : काय करावे, काय टाळावे

टोपण बदलणे, सांडलेले पेट्रोल पुसणे, डिकीचे रबर तपासणे ही कामे मालकास स्वतः करता येतात. नळ्या आणि पंप यांचे काम मात्र जाणत्या मेकॅनिकवर सोपवावे. इंजेक्शन पद्धतीच्या गाडीत इंजिन बंद केल्यावरही नळीतील पेट्रोल दाबाखाली असते. नळी एकदम सोडली तर ते फवाऱ्यासारखे उडते. जाणता मेकॅनिक आधी हा दाब उतरवतो, बॅटरीची ऋण तार सोडवतो आणि मगच पाना हाती घेतो.

नळी बदलताना ती पेट्रोलसाठीच बनवलेली असावी. पाण्याची साधी नळी काही दिवसांत फुगते किंवा विरघळू लागते. इंधनपंपाचे झाकण उघडल्यास रबरी कडे नवेच घालावे. टाकीला लागलेली बारीक गळती साबण चोळून थांबवण्याची युक्ती अनेक गॅरेजांत माहीत असते. ती गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती ठीक आहे. तिला कायमची दुरुस्ती समजू नये. टाकी रिकामी करून तिला वेल्डिंग करणे तर सर्वांत घातक होय, कारण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ भरलेली असते. भरलेल्या टाकीपेक्षाही अशी टाकी स्फोटाला अधिक अनुकूल असते.

दुरुस्तीनंतर परीक्षा घ्यावी. ज्या परिस्थितीत वास येत होता, तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करावी. टाकी भरल्यावर येत असेल तर टाकी भरून पाहावी. उन्हात येत असेल तर उन्हात उभी करून पाहावी. आणि पाहणी करणारा माणूस गाडीबाहेरून, ताज्या नाकाने आलेला असावा. सतरंजीत मुरलेला वास साबणाने धुऊन, खाण्याचा सोडा पसरून आणि दारे उघडी ठेवून घालवता येतो. सुगंधी कुपी लावायचीच असेल, तर ती यानंतर.

६. मेकॅनिकला सांगताना

एक कुटुंब कल्पावे. ते कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम येथील विठ्ठलमंदिरात दर्शनास निघाले आहे. वाटेत मागे बसलेली आजी म्हणते, "रॉकेलसारखं काहीतरी झोंबतंय रे नाकाला." पुढे बसलेला मुलगा म्हणतो, "मला तर काही येत नाही, आई." दुसऱ्या दिवशी तो मेकॅनिककडे जातो. तो दोन प्रकारे बोलू शकतो.

पहिला प्रकार : "गाडीत कसला तरी वास मारतो. बघा जरा."

दुसरा प्रकार : "परवा सायंकाळी टाकी पूर्ण भरली. तेव्हापासून मागच्या आसनावर बसणाऱ्यास पेट्रोलचा वास येतो. वळणावर तो वाढतो. पुढे बसणाऱ्यास येत नाही. जमिनीवर थेंब नाहीत. टोपण घट्ट आहे."

पहिले वाक्य ऐकून मेकॅनिकला अर्धा दिवस गाडी उघडत बसावे लागेल. दुसरे ऐकून तो प्रथम मागचे आसन उचलेल. या नोंदीत सहा छोटी वाक्ये आहेत. त्यांत वेळ आहे, ठिकाण आहे, वास वाढण्याचे निमित्त आहे आणि 'काय नाही' तेही आहे. अशी नोंद मराठीतून तमिळमध्ये सांगतानाही काही हरवत नाही, कारण तिच्यात एकही मोघम शब्द नाही. आजीचे बोलणे मुलाने हसण्यावारी नेले असते, तर यांतील एकही गोष्ट नोंदली गेली नसती.

बिघाड बहुधा लहान असतो : एक वायसर, एक कडे, एक क्लिप. त्याचे मोल थोडे असते. दुर्लक्षाचे मोल मात्र गाडीत बसणाऱ्या सर्वांना द्यावे लागते.

शब्दार्थ

बाष्प – वाफ. दर्प – उग्र वास. कुबट – ओलाव्यामुळे येणारा कोंदट वास. उगम – मूळ ठिकाण. मोघम – अस्पष्ट. निमित्त – कारण, प्रसंग. सान्निध्य – जवळीक. घातक – प्राणावर बेतणारे.

आपण काय शिकलात?

• वासाला नेमके नाव दिले की शोधाची दिशा ठरते.
• नाकाला वासाची सवय होते, म्हणून पहिली जाणीव लगेच नोंदवावी.
• पेट्रोलची वाफ जड आणि ज्वालाग्राही असते. आधी सुरक्षा, मग शोध.
• 'केव्हा' आणि 'कोठे' या प्रश्नांनी दोषाचे ठिकाण कळते.
• दुरुस्तीनंतर त्याच परिस्थितीत पुन्हा परीक्षा घ्यावी.

पाठान्त प्रश्न

१. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' या म्हणीचा अर्थ सांगून ती प्रस्तुत पाठास कशी लागू पडते, ते लिहा.
२. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करणे घातक का आहे?
३. खालील शब्द वाक्यांत वापरा : घमघमाट, करपट, दर्प, मोघम.
४. 'ताज्या नाकाने' या शब्दप्रयोगातून काय सूचित होते?
५. तुमच्या घरातील एखादे उपकरण बिघडले आहे असे समजून, दुरुस्ती करणाऱ्यासाठी सहा वाक्यांची नोंद लिहा. तीत केव्हा, कोठे, कशाने वाढते आणि काय आढळले नाही, हे आले पाहिजे.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते म्हणून. (२) चालकाच्या नाकाला वासाची सवय झालेली असते म्हणून.
प्रश्न – २ : (१) बॉनेटखाली, इंजिनाच्या बाजूला. (२) वाफेसाठी राखलेली जागा भरून पेट्रोल वाफेच्या नळ्यांत शिरते म्हणून.